मरायला पेरलेली ओळ

माझ्या बायकोला संशोधन केंद्रात पाठीमागे ‘भागूबाई’ म्हणायचे. मला ते ठाऊक होतं, कारण केंद्रातली निम्मी माणसं चष्मा माझ्याच दुकानातून करून घ्यायची, आणि भिंतीवरची अक्षरं वाचता वाचता माणूस नको तेही बोलून जातो. तिलाही ठाऊक होतं. राग मात्र येत नसे. “खोटं काय आहे त्यात?” म्हणायची.

ती भित्रीच होती. गॅस बंद केलाय का हे बघायला अर्ध्या जिन्यावरून परत यायची. मला दुकानातून यायला उशीर झाला की गॅलरीत उभी. माझी आई आमच्याजवळच असायची. ती म्हणायची, “आपल्या सूनबाईला झोपायचं असलं तरी शेजारी कुणीतरी जागं लागतं.”

ती हरभऱ्याची पैदासकार होती. म्हणजे हरभऱ्याचे नवे वाण तयार करायचे हेच तिचं काम. सकाळचं ऊन वर यायच्या आत शेतात बसायचं, न उमललेली फुलकळी चिमट्यानं अलगद उघडायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे आणि दुसऱ्या झाडाच्या फुलातले परागकण आणून तिथे लावायचे. कळी एवढीशी, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी. हात किंचित हलला तरी मोडते. नाही मोडली तरी पुष्कळदा दोन दिवसांत गळून पडते. त्या मोसमात ती घरी यायची तेव्हा तिची बोटं चिमटा धरल्यासारखीच जुळलेली असायची. ती जेवतानाही सुटत नसत.

ज्या संकराची ही गोष्ट आहे त्यातलं एक झाड होतं घाट्यांनी लगडणारं, टपोऱ्या दाण्याचं आणि नाजूक. दुसरं होतं बारीक दाण्याचं, काटक, दिसायला अगदीच बापुडवाणं. त्यांची पहिली पिढी सगळी सारखी आली. दुसऱ्या पिढीत मात्र एकाच आईबापांची झाडं इतकी वेगवेगळी निघाली की तिनं मला मुद्दाम बघायला नेलं. कुणी उंच, कुणी जमिनीला टेकलेलं. कुणाला फुलं लवकर, कुणाला देठागणिक दोन दोन घाटे, तर कुणी नुसताच पाला माजवलेला.

“हे वेगळेपणच आमचं भांडवल,” ती म्हणाली. “हे नसेल तर निवडणार कशातून? पण निवडतानाच भीती वाटते हो. जे घेते ते दिसतं. जे सोडते त्यात काय गेलं ते कधीच कळत नाही.”

ती दर मोसमाला निवडत गेली. जास्त घाट्यांचं घे, टपोऱ्या दाण्याचं घे, लवकर पिकणारं घे. घाटे वाढले की दाणा बारीक होतो आणि दाणा टपोरा केला की घाटे घटतात, या ओढाताणीत तिची बरीच वर्षं गेली. शेवटी एक वाण हाताला लागला. एकसारखा, भरघोस आणि टपोरा. केंद्राचे मोठे साहेब स्वतः जुने पैदासकार आणि निवृत्तीला आलेले. निरोपाआधी केंद्राच्या नावावर एक नवा वाण लागावा अशी त्यांची फार इच्छा होती. त्यांनी मनावर घेतलं. बियाणं वाढवायचं ठरलं, मान्यतेचे कागद पुढे सरकले, आणि ‘भागूबाई’ म्हणणारी माणसं दुकानात येऊन “मॅडमचं अभिनंदन सांगा” म्हणू लागली.

अजून एक शेवटची परीक्षा उरली होती. हरभऱ्याला मर नावाचा रोग येतो. बुरशी मातीतच असते. ती मुळातून शिरते आणि झाडाची पाणी ओढायची शीर बंद करते. चांगलं हिरवं झाड वरून मान टाकतं आणि चार दिवसांत वाळून जातं. नवा वाण या रोगापुढे टिकतो का हे बघायला केंद्रात एक तुकडा मुद्दाम रोगट ठेवलेला होता. तो सांभाळायचे रोगशास्त्राचे एक साहेब. त्यांना सगळे बुरशीसाहेब म्हणायचे. त्या तुकड्यात दर काही ओळींनंतर एक ओळ अशा वाणाची पेरतात की जो हमखास मरतो. ती मेली की समजायचं, माती रोगट आहे आणि शेजारी जे जगलं ते खरंच जगलं. ती ओळ मरण्यासाठीच पेरलेली असते.

तिचा वाण तिथे हिरवागार उभा राहिला. बुरशीसाहेबांनी शेरा दिला, सगळ्यांनी हात मिळवले.

पीक काढणीला आलं तेव्हा ती एकदा सहज तिकडे गेली. त्या दिवशी घरी आली ती थेट मोरीत गेली आणि नळ सोडून बसली. मी दार वाजवलं.

“काय झालं गं?”

“काही नाही.”

रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, “तू काही बोललास का तिला?” मी नाही म्हटलं. मला वाटलं, काहीतरी मोठं आजारपण निघालंय आणि ती लपवतेय. दोन-तीन दिवस आम्ही दोघं एकमेकांना घाबरून घरात वावरत होतो. शेवटी एका सकाळी चहाचा कप हातात धरून तिनंच तोंड उघडलं.

“ती ओळ मेलेली नाही.”

“कुठली ओळ?”

“मरायची ओळ. बाकी तुकड्यात सगळीकडे मेली आहे. माझ्या वाणाशेजारची तेवढी जिवंत आहे. घाट्यांनी भरलीय.”

मला उलगडायला वेळ लागला. मागे त्या तुकड्याच्या कडेनं पाण्याचा पाइप टाकायला चर खणला होता. तो बुजवताना बाहेरची ताजी माती टाकली होती आणि ती पसरून त्या कडेवर चांगलीच चढली होती. नेमक्या त्याच पट्ट्यात तिच्या ओळी. तिथे रोगच नव्हता. तिचा वाण टिकला नव्हता, त्याची परीक्षाच झाली नव्हती. आदल्या वर्षीही त्या तुकड्यात एक परीक्षा झाली होती, पण ती कडाक्याच्या थंडीत. थंडीत मर जोर धरत नाही.

“मग सांगून टाक ना,” मी म्हणालो.

“आणि वाण खरंच टिकाऊ असला तर? सगळ्यांचं काम उगाच बुडवलं असं होईल. आणि नसला...” ती थांबली. “अहो, ते बियाणं गावोगाव जाणार आहे. लोक पूर्ण रानभर पेरतील. त्यांच्याकडे मरायची ओळ नसते. सगळंच मरेल.”

हे ती अगदी हळू बोलली. चष्म्याच्या दुकानात चूक झाली तर फार तर एकाचं डोकं दुखतं. काच बदलून देता येते.

खात्री करायची तर पुढच्या मोसमापर्यंत वाट बघणं परवडणारं नव्हतं. तिनं रोगट तुकड्याच्या मधोमधची माती पिशवीत भरून आणली आणि गॅलरीत कुंड्या मांडल्या. काहींत मरणारा वाण, काहींत तिचा. दुकानातल्या फ्रेमना बांधायच्या कोऱ्या चिठ्ठ्या मी तिला दिल्या. तिनं त्या कुंड्यांना दोऱ्यानं बांधल्या. दिवस उबेचे होऊ लागले होते. रोगाला अगदी हवे तसे.

रोपं उगवली. कोवळी, पोपटी, दोन्ही वाणांची सारखीच तरतरीत. आई सकाळी गॅलरीत बसून त्यांच्याकडे कौतुकानं बघायची. एकदा म्हणाली, “छान आलीत. भाजीला शेंडे खुडून घेऊ का थोडे?”

“आई, हात लावू नका!” ती एवढ्या जोरात ओरडली की आईच्या हातातला चष्मा खाली पडला.

सासूवर आवाज चढवण्याची तिची ती पहिलीच वेळ. मग ती खाली बसून काचेचे तुकडे गोळा करत राहिली आणि आई तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “काच तर आपल्याच दुकानात मिळते गं. तुला काय झालंय ते सांग.” तिनं सांगितलं. आईला मातीतल्या बुरशीतलं काही कळलं नसेल, पण तेव्हापासून ती गॅलरीत जायची ती दबकत, आजाऱ्याच्या खोलीत जावं तशी.

आधी मरणाऱ्या वाणानं माना टाकल्या. तसं व्हायलाच हवं होतं. माती रोगट होती हे सिद्ध झालं. तिचा वाण उभा होता. रोज सकाळी डोळे उघडले की ती अंथरुणातूनच विचारायची, “बघून या ना.” स्वतः जायची नाही. मी जायचो. “उभी आहेत,” मी सांगायचो. ती श्वास सोडायची आणि मगच उठायची.

एक दिवस मी गेलो आणि सांगायला परत येता येईना. तिच्या एका रोपाचा शेंडा वाकला होता. नुसता वाकलेला. उन्हानं वाकावा तसा. मी त्याला पाणी घातलं. वेड्यासारखं बोटानं सरळही करून बघितलं. मागे वळलो तर ती दारात उभी.

“पाण्यानं नाही होणार,” ती म्हणाली.

तिनं ते रोप मुळासकट उपटलं, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलं आणि माझ्या दाढीच्या पात्यानं देठ उभा चिरला. दुकानातलं भिंग मी तिच्या हातात दिलं. बाहेरून देठ धडधाकट होता. आत मधोमध एक काळी रेघ. खालपासून वरपर्यंत, पेन्सिलीनं ओढल्यासारखी.

पुढच्या आठवड्यात एकेक करून रोपं माना टाकत गेली. सगळी नाही. मधूनमधून काही उभीच राहिली. सुरुवातीला तिला वाटलं, ती चुकून वाचलीत. तिनं त्यांच्या मुळाशी आणखी रोगट माती कालवून ओतली. तरी उभीच. तेव्हा त्यांच्याकडे नीट बघण्याइतकं धैर्य तिच्यात नव्हतं. वाळलेलीच तेवढी तिला दिसत होती.

ती आधी बुरशीसाहेबांकडे गेली, कारण तुकडा त्यांचा. निघताना तिला उलटी झाली. मी दुकान बंद ठेवून तिला सोडायला गेलो आणि बाहेर बाकावर बसलो. परत येऊन तिनं सांगितलं ते असं. साहेबांनी ऐकून घेतलं, उठून दार लावलं आणि परत खुर्चीत बसले ते एकदम म्हातारे दिसायला लागले. म्हणाले, “मॅडम, चर बुजवला त्या दिवशी मी रजेवर होतो. मला कुणी सांगितलंच नाही. आणि शेरा देताना शेजारची ओळ बघायचं माझ्याकडून राहून गेलं.” मग म्हणाले, “एक मोसम जाऊ दे. दर वर्षी मर येतेच असं नाही. तेवढ्यात काहीतरी करू.”

“तेही घाबरलेत,” ती म्हणाली. “माझ्याहून जास्त.”

“मग?”

“मग मोठ्या साहेबांकडे.”

मोठ्या साहेबांच्या खोलीचं दार मात्र नीट बंद होत नव्हतं, त्यामुळे आतलं मला ऐकू येत होतं. आधी साहेबांचा आवाज वाढला. “आत्ता सांगताय? कागद वरपर्यंत गेलेत! घरातल्या कुंड्या? याला परीक्षा म्हणतात?” तिचं उत्तर ऐकू आलं नाही. मग साहेबांचा आवाज एकदम खाली आला. मला तो चढलेल्या आवाजापेक्षा भयंकर वाटला. “आणखी कुणाकुणाला सांगितलंय?”

आत जावं म्हणून मी बाकावरून उठलो, दाराला हात लावला आणि परत येऊन बसलो.

“सर,” ती म्हणाली. तिचा आवाज आता मोठा झाला होता. “मला सगळ्याचीच भीती वाटते. तुमचीसुद्धा. या खोलीत येण्याआधी मी दोनदा परत फिरले. पण ते सगळं मेलेलं शेत मी डोळ्यांपुढून हलवू शकत नाही. तुम्हीच बघा.”

नंतर कळलं, तिनं पिशवीतून एक वाकलेलं रोप काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं होतं आणि देठ चिरून त्यांच्या पुढ्यात सरकवला होता. साहेबांनी चष्मा काढला आणि तो देठ डोळ्यांजवळ धरला. जुना पैदासकार माणूस. काळी रेघ म्हणजे काय हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. मला बाहेर फक्त पंख्याची घरघर ऐकू येत होती. मग फोनचा आवाज.

“गोदामातली पोती हलवू नका,” ते म्हणाले. थोडं थांबले. “काय? कधी?”

काही पोती आदल्याच दिवशी निवडक शेतकऱ्यांकडे गेली होती.

पुढचे कित्येक दिवस ती आणि बुरशीसाहेब केंद्राच्या गाडीतून गावोगाव हिंडत होते. बुरशीसाहेब कुणी सांगायची वाट न बघता तिच्याबरोबर गेले, एवढं त्यांचं मानायला हवं. बहुतेकांनी कुरकुरत पोती परत दिली. एकानं नाही दिली. पैलवानासारखा आडवातिडवा गडी होता. दारात उभा राहून म्हणाला, “आधी म्हणता सोनं आहे, आता म्हणता विष आहे. मी पेरणार.” तिनं हात जोडले, काळी रेघ दाखवली. तो हसला. “ताई, तुम्ही फार घाबरता.”

तो हिवाळा आमच्या घरी कुणी नीट झोपलं नाही. फोन वाजला की ती भिंतीला टेकायची. ढग आले की तोंडचं पाणी पळायचं. आईसुद्धा वर्तमानपत्रात आधी हवामान बघायची. आणि एके दिवशी दुपारी फोन आलाच. पैलवानाचा. “येऊन बघून जा,” एवढंच बोलला आणि ठेवला.

“मी येतो बरोबर,” मी म्हणालो. ती माणसं गाडी जाळतील, मारतील, काय करतील सांगता येत नाही, असं माझ्या मनात होतं. तिच्याही असेल.

रान दुरूनच दिसलं. वाळक्या रंगाचे चट्टे, एकात एक मिसळलेले. गाडीतून उतरताना तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर बरेच दिवस वळ होता. पैलवान बांधावर बसला होता. उठला नाही.

“तुम्ही सांगितलं होतंत, मी ऐकलं नाही,” तो म्हणाला. “आता तुमच्यावर ओरडताही येत नाही, हीच तर पंचाईत झालीय.”

ती सरळ आत शिरली. वाळलेल्या ओळींतून कुडकुड आवाज करत ती मधोमध गेली आणि तिथे थबकली. मला वाटलं, रडतेय. जवळ गेलो तर ती वाकून एका झाडाकडे बघत होती. चहूकडे मेलेली झाडं आणि मध्ये एक हिरवं, घाट्यांनी भरलेलं. पलीकडे आणखी एक. मग आणखी.

“वरून सगळी सारखी दिसत होती,” ती पुटपुटली. “उंची, फूल, दाणा, जे डोळ्यांना दिसतं ते मी सारखं केलं. आत अजून वेगळेपण राहिलं होतं. त्या बारीक दाण्यावाल्याचं.” मग पैलवानाकडे वळून म्हणाली, “ही जेवढी हिरवी आहेत तेवढी मला द्याल?”

तो तिच्याकडे बघतच राहिला. “बाकीचं रान मेलंय आणि तुम्ही...” पण मग उठला आणि आमच्याबरोबर हिरवी झाडं शोधायला लागला. प्रत्येक झाडाला तिनं खूण बांधली. पिकल्यावर तिनं ती एकेक स्वतंत्र काढली. एका झाडाचे दाणे एका पिशवीत, दुसऱ्याचे दुसऱ्या.

केंद्रात चौकशी झाली. कुणाला तरी जबाबदार धरायचं होतं. वाण तिचा, म्हणून तिच्याकडून पैदाशीचं काम काढून घेतलं आणि बियाण्याचं गोदाम सांभाळायला दिलं. खिडकी नसलेली खोली. मोठे साहेब नव्या वाणाविनाच निवृत्त झाले. निरोपसमारंभात ते तिच्याशी बोलले नाहीत. मात्र जाताना आपल्या वापरातला जुना चिमटा तिच्या टेबलावर ठेवून गेले. चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. ते शाबासकी म्हणून होतं की टोमणा, यावर आमच्या घरी बरीच वर्षं वाद चालला.

त्या पिशव्यांमधलं बियाणं तिनं गोदामाचं काम संपवून बुरशीसाहेबांच्या रोगट तुकड्यात दर वर्षी पेरलं. आता मरायची ओळ दोघं रोज जाऊन बघायचे. मेली की ती समाधानानं घरी यायची. हे ऐकून आईनं एकदा कपाळाला हात लावला होता. यथावकाश नव्या साहेबांनी तिला पैदाशीत परत घेतलं. जो वाण शेवटी बाहेर पडला तो पहिल्यापेक्षा थोडं कमी पीक देतो आणि दाणाही जरा बारीक. त्याला नाव नाही, नुसता क्रमांक. आई तोवर राहिली नव्हती.

पहिल्या वर्षी तो लोकांच्या रानात पेरला गेला तेव्हा तिला बघायला जायचं होतं आणि जाववत नव्हतं. शेवटी मी स्कूटर काढली. गेलो ते एका अनोळखी माणसाच्या शेताशी. हवा ढगाळ आणि उबदार, तिला सगळ्यात नकोशी. ती बांधाजवळ उतरली आणि रानाकडे पाठ करून उभी राहिली.

“तुम्ही आधी जाऊन या,” म्हणाली.

मला रोगातलं काय कळतं? पण गेलो. गुडघ्याएवढ्या हिरव्यातून चालत, इकडेतिकडे बघत. भीती माझ्याही पाठीला चिकटून होती. परत येऊन सांगितलं, “हिरवं आहे सगळं.”

“मधोमध गेला होतात का? कडेकडेनं नाही ना बघितलंत?”

“मधोमध गेलो होतो.”

तेव्हा कुठे ती वळली. बराच वेळ त्या रानाकडे बघत राहिली. मग माझ्या हाताला धरून बांधावर बसली आणि म्हणाली, “हे वर्ष गेलं म्हणायचं. पण मातीतली बुरशीही बदलत असते हो. पुढच्या वर्षी काय होईल?”